ललिता पवार आणि ती सुप्रसिद्ध थप्पड

मधली_सुट्टी

दर फेब्रुवारीत २४ तारीख, म्हणजे त्यांचा स्मृतिदिन, जवळ आली की ललिता पवारांवरचा तोच एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. देखणी नायिका होती, १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर नवख्या भगवानने जोरात थप्पड मारली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला, नायिकेची कामं गेली आणि हिंदी सिनेमाला खाष्ट सासू मिळाली. खाली हात जोडलेले, दोन पणत्या.

थप्पड बसली, इजा झाली, उपचार तीनेक वर्षं चालले, यात काही वाद नाही. पण एवढ्या मोठ्या कारकिर्दीचं बूड त्या एका हातावर ठेवायचं, हे मला पटत नाही. सनावळी मांडून बघा.

बाई मूळच्या येवल्याच्या, जन्म १९१६ चा, पाळण्यातलं नाव अंबा. लहानपणीच पुण्यात मूकपटांत आल्या. १९३१ चा 'दिलेर जिगर' हा तलवारबाजीचा पोषाखी मूकपट आजही आहे. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले, त्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी तो एक. दिग्दर्शक जी. पी. पवार, म्हणजे त्यांचे पहिले यजमान. पुढच्याच वर्षी 'कैलास' नावाच्या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या. वय वर्षं सोळा! १९३५ मध्ये 'हिम्मत-ए-मर्दां', पुढे 'दुनिया क्या है' हा बोलपट स्वतः काढला. मग भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', वि. स. खांडेकरांनी लिहिलेला मास्टर विनायकांचा 'अमृत'. म्हणजे १९४२ मध्ये सेटवर उभी असलेली बाई निव्वळ 'देखणी नायिका' नव्हती. तिच्या पाठीशी चौदा वर्षांची मेहनत होती, पैसे घालून सिनेमा काढण्याचा अनुभव होता.

दुसरं, 'नवखा भगवान'. भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, तोवर मूकपटांत कामं करून बसलेले, १९३८ च्या 'बहादुर किसान'चे सहदिग्दर्शक. थप्पड चुकली असेल, नवखेपणाने चुकली हे पटायला कठीण आहे.

तिसरं, १९४४ चा प्रभातचा 'रामशास्त्री'. त्यातली आनंदीबाई कोण? ललिता पवार. म्हणजे उपचारांची वर्षं अजून सरली नव्हती तेव्हाच बाई प्रभातच्या सेटवर उभ्या होत्या. 'सगळं संपलं, मग नव्याने सुरुवात' असा मधला अंधार त्या मजकुरात असतो, तो या सनांत मला तरी सापडत नाही.

जाणकारांनी भर घालावी.

चौथी_रांग

लेख आवडला, पण तुम्ही दुसऱ्या टोकाला जाताय. सव्विसाव्या वर्षी चेहऱ्याला इजा होणं ही नटीसाठी केवढी गोष्ट असेल याचा विचार करा. तेव्हा ज्या बाईच्या नावावर तिकीट खपायचं, तिला पुन्हा तशी भूमिका मिळाली नाही हे खरंच आहे ना? तुमच्या सनावळीने ते दुखणं पुसलं जात नाही. मजकूर भावुक असेल, खोटा नाही.

सासुरवाशीण

धागा वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे नव्या सुनेने जरा आवाज चढवला की आजी म्हणायची, 'मी ललिता पवार नाहीये गं, बस इथे.' आणि मग ललिता पवारांसारखंच वागायची.

नांदेडचा_डॉक

वैद्यकीय बाजूने थोडं अवांतर. रुग्ण तपासल्याशिवाय निदान करू नये, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली की सुरुवातीला त्या बाजूचा डोळा उलट नीट मिटत नाही, उघडा राहतो. पुढे नस भरून येताना काहींच्या बाबतीत धागे चुकीच्या स्नायूंना जाऊन जुळतात. मग बोलताना, हसताना ओठ हलले की त्याबरोबर डोळाही बारीक होतो. ते आपल्या हातात राहत नाही.

असं काही असेल तर विचार करा, नटीला प्रत्येक वाक्यागणिक चेहऱ्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या वागवाव्या लागणार. पडद्यावर तो डोळा कधी कावा वाटतो, कधी मिश्कीलपणा, कधी नुसता थकवा. मला तरी ते आपोआप झालेलं वाटत नाही.

मधली_सुट्टी

@चौथी_रांग, दुखणं पुसायचं नाहीच. पण एक प्रश्न: थप्पड बसली नसती तर त्या १९५५ मध्ये नायिका असत्या का?

लीला चिटणीस घ्या. त्यांना कुणी थप्पड मारली नव्हती. 'कंगन', 'बंधन', 'झूला' अशी बॉम्बे टॉकीजची एकामागून एक यशं, अशोककुमारची नायिका. १९४८ च्या 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या, १९५१ च्या 'आवारा'मध्ये राज कपूरच्या. 'झूला' १९४१ चा. सात वर्षांत नायिकेची आई!

आता ललिताबाईंची वयं मोजा. 'दहेज' (१९५०) मधली सासू, वय चौतीस. 'दाग' (१९५२) मध्ये दिलीपकुमारची आई, वय छत्तीस, आणि मुलगा एकोणतीस-तीस वर्षांचा घोडा. 'श्री ४२०' मधली केळेवाली एकोणचाळीस वर्षांची आहे, राज कपूर तिशीचा. डोळा शाबूत असता तरी त्या धंद्याने त्यांना या खुर्चीत आणून बसवलंच असतं, फार तर पाच-सात वर्षं उशिरा. थपडेची गोष्ट सगळ्यांना आवडते कारण तीत दोष एका हाताचा ठरतो, बाकीचे सुटतात.

चौथी_रांग

पाच-सात वर्षं उशिरा म्हणजे नटीच्या आयुष्यात थोडी झाली का? 'फार तर' काय म्हणता! लीलाबाईंचा दाखला मात्र मान्य.

लाइटबॉयची_लेक

मी मालिकांमध्ये काम करते. आत्या, मावशी, शेजारीण, क्वचित सासू. नाव सांगत नाही, कामं मिळत राहायला हवीत.

थपडेबद्दल आधी. हल्ली हात गालापासून बराच लांबून जातो, कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे असतो, मान झटकायचं टायमिंग समोरच्याने सांभाळायचं आणि आवाज नंतर घालायचा. तरीही 'एकदा खरी होऊन जाऊ दे, रिॲक्शन चांगली येईल' असं सांगणारे आहेत. एका मालिकेत मला अशी 'खरी' बसली होती, कानात दिवसभर शिटी वाजत होती, आणि शॉट एडिटमध्ये गेला. तेव्हा १९४२ मधल्या त्या थपडेत मला नवल एवढंच वाटतं की पुढे त्या भगवानदादांसारख्यांच्याच धंद्यात पुन्हा शांतपणे येऊन उभ्या राहिल्या.

आता माझ्या पोटापाण्याच्या बाजूने सांगते, कारण इथे सगळे दुःखाबद्दल बोलतायत आणि पैशाबद्दल कुणी बोलत नाहीये. नायिकेचं काम म्हणजे थोडे सिनेमे, पुष्कळ दिवस, मोठे पैसे आणि दहा वर्षांची मुदत. कॅरेक्टर आर्टिस्टचं गणित उलटं असतं. एका सिनेमात तुमचे दिवस कमी, म्हणून वर्षाला सिनेमे जास्त. एक पडला तरी तुमच्या नावावर पडत नाही. मुदतही नाही, हातपाय चालतात तोवर चालतं. फक्त डेट सांभाळाव्या लागतात आणि सेटवर तुमच्यामुळे खोळंबा झालेला चालत नाही. नायकाची वाट सगळे बघतात, आईची वाट कुणी बघत नाही.

ललिताबाईंचं नुसतं १९६१ साल बघा. 'जंगली'त हसण्यावर बंदी घालणारी खानदानी आई, 'हम दोनों'मध्ये मुलाची वाट बघणारी आई, 'संपूर्ण रामायण'मध्ये मंथरा. एकाच वर्षात. त्याआधी १९५९ मध्ये 'अनाडी' आणि 'सुजाता'. हे दैवाने ढकलत नेलेल्या माणसाचं वेळापत्रक नाही. कामाची वही कशी भरलेली ठेवायची हे या बाईला ठाऊक होतं. मला त्यांची कीव येत नाही, हेवा वाटतो.

मंथरेच्या वेळी, म्हणजे दूरदर्शनच्या रामायणात, त्या सत्तरीच्या होत्या. १९८७. कुबड बांधून, वाकून, लांबलचक वाक्यं. मला चाळिशीत कंबरपट्टा लागतो.

सासुरवाशीण

@लाइटबॉयची_लेक, दंडवत. 'आईची वाट कुणी बघत नाही' हे आमच्या घरालाही लागू आहे.

म्हापशेकार

सासू-सासू चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडे गोव्यात ललिता पवार म्हटलं की जुन्या लोकांना आठवते मिसेस डिसा. 'अनाडी'मधली घरमालकीण. भाड्यासाठी आरडाओरडा करायचा, शिव्या घालायच्या, आणि ताटात वाढताना हात आखडायचा नाही. मुंबईत गिरगाव, माझगाव, बांद्र्याकडे अशा खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका आमच्या कितीतरी नातेवाइकांनी पाहिल्या. हिंदी सिनेमात किरिस्तांव म्हातारी म्हटली की फ्रॉक, बाटली आणि 'मॅन, मॅन' करत बोलणं. डिसाबाईतही थोडा तो साचा आहेच, खोटं कशाला बोला. पण बाईचा आब कुठे सुटत नाही.

आणि त्या सिनेमात ती मरते कशी? साथीच्या तापावरचं सदोष औषध घेऊन. आळ येतो बिचाऱ्या राज कपूरवर. एवढ्या हसऱ्या सिनेमाच्या मध्ये औषध कंपनीचा असा प्रकार ठेवला, आणि तो लागतो तो ती बाई खरी वाटते म्हणून. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक त्यांना मिळालं ते याच भूमिकेला, कुठल्या छळवादी सासूला नव्हे, हे कुणीतरी त्या व्हॉट्सॲपवाल्यांना कळवा.

मजा पुढे आहे. 'अनाडी'च्याच दिग्दर्शकाने, हृषीकेश मुखर्जींनी, १९७१ च्या 'आनंद'मध्ये बाईंना मेट्रन केलं आणि नाव काय ठेवलं? डिसा. बारा वर्षांनी तीच बाई हॉस्पिटलात नोकरीला लागल्यासारखी. राजेश खन्नावर डाफरते आणि मग विरघळते. 'आनंद' त्यांनी राज कपूर आणि मुंबई शहराला अर्पण केला आहे, तेव्हा हे नाव सहज पडलं असेल असं मला वाटत नाही.

येवल्याची_पैठणी

आमच्या गावच्या! बाकी काही लिहायचं नव्हतं, एवढंच.

चौथी_रांग

हे सगळं ठीक, पण अवघड प्रश्न राहतोच. दिग्दर्शकांनी तो डोळा वापरला की नाही? अधू डोळा म्हणजे मनाने वाकडी, हा हिशेब आपल्या सिनेमात किती जुना आहे. मंथरा कुबडी, शकुनी लंगडा. मंथरेसाठी दोन्ही वेळा, १९६१ लाही आणि १९८७ लाही, याच बाईंना बोलावलं जातं. याला निव्वळ अभिनयाची कदर म्हणायचं का? मला ते बघताना अस्वस्थ व्हायला होतं. २०२० च्या टाळेबंदीत रामायण पुन्हा लागलं तेव्हा माझ्या पुतणीने पहिला प्रश्न विचारला, 'तिच्या डोळ्याला काय झालंय?' भूमिका नंतर, डोळा आधी.

मधली_सुट्टी

हा मुद्दा खरा आहे. वापरला. क्लोज-अपमध्ये उजेड त्या बाजूने येताना दिसतो, सरळ दिसतो.

पण त्याच डोळ्याने त्यांनी केळी विकली आहेत. 'श्री ४२०' मधली गंगामाई आठवा, भावाची घासाघीस करणारी, उपाशी पोराला ओळखणारी. तिच्यात वाकडं काय दिसतं? डिसाबाईत? मेट्रनमध्ये? चेहरा तोच. लिहिणाऱ्याने दुष्ट लिहिली की आपल्याला डोळा दुष्ट दिसतो.

आणि 'रामशास्त्री' मिळाला तर जरूर बघा. आनंदीबाई म्हणजे आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणारी, झालं, निकाल लागलेला. कुठलीही नटी तिला पहिल्या प्रवेशापासून नागीण करून टाकेल. इथे ती नवऱ्याला गादीवर बसवायला निघालेली, हिशेबी, घराण्याच्या रीतीत मुरलेली बाई वाटते. आवाज चढत नाही. पुढच्या सगळ्या सासवांचं मूळ मला तिथे दिसतं: समोरच्याला आपलं म्हणणं आज्ञेसारखं ऐकू यावं, इतक्या खालच्या पट्टीत बोलणं. मूकपटातून आलेल्या कितीतरी नट्या बोलपट आल्यावर अडखळल्या. रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, केवढी मोठी तारका, भाषेपायी मागे पडली. ललिताबाईंच्या बाबतीत त्या आवाजानेच पुढची चाळीस वर्षं मिळवून दिली.

निवृत्त_गिरगावकर

एवढ्या चर्चेत 'प्रोफेसर'चं नाव कुणी काढलं नाही? अहो, १९६२ चा. शम्मी कपूर म्हाताऱ्या मास्तरचं सोंग घेऊन घरात शिरतो, मुलींना शिकवायला. मुलींची कडक मावशी-आत्या जी काय आहे ती सीतादेवी, म्हणजे ललिताबाई. आणि ती या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते.

लेखकाने हे हशा पिकवायला ठेवलंय, थेटरात हशा पिकायचाही. कडक बाई नटायला लागते, लाजते, आवाज मऊ होतो. पण तुम्ही आज या वयात बघा. सगळा जन्म दुसऱ्यांच्या पोरी सांभाळण्यात गेलेल्या बाईला पहिल्यांदाच वाटतंय की आपल्याकडे कुणी बघतंय, आणि ते बघणंही खोटं आहे. बाईंनी ते हास्यास्पद केलेलं नाही. लाजताना त्यांनी एकदाही प्रेक्षकाकडे डोळा मिचकावून 'बघा किती गंमत' असं केलेलं नाही. त्या खरोखरच लाजल्या आहेत. त्यामुळे शम्मीचं सोंग उघडं पडतं तेव्हा त्याचा राग येतो. त्या वर्षीच्या अख्ख्या हिंदी सिनेमात याहून नाजूक काम कुणी केलं असेल तर दाखवा. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६१ ला मिळाला, एक वर्ष घाई झाली म्हणायची.

लाइटबॉयची_लेक

काका, अगदी. कॉमेडीत सरळ राहून काम करणं सगळ्यात अवघड. आमच्याकडे 'थोडं लाउड करा ताई' म्हणून ओरडतात.

नांदेडचा_डॉक

त्यांच्या शेवटाबद्दल कुणी लिहिलं नाही. १९९८, पुण्यात औंधला गेल्या, घरात एकट्याच असताना. त्यावरही एक करुण मजकूर फिरतो.

मधली_सुट्टी

मुद्दामच लिहिलं नाही. एकट्या गेल्या म्हणून आयुष्य एकाकी होतं असा अर्थ लगेच काढला जातो. ज्या घरात माणसं होती आणि त्या दिवसांत नव्हती, त्या घराबद्दल आपण बाहेरून काय बोलणार.

रविवारची_भिशी

उशिरा आले धाग्यावर. मला 'मिस्टर अँड मिसेस ५५' बद्दल भांडायचं आहे. तिथेही सीतादेवीच आहेत, मधुबालाची आत्या. घटस्फोटाच्या कायद्यासाठी झटणारी, बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणणारी. सिनेमाने तिला पार चेटकीण केलंय. गुरुदत्तचा नायक तिचं व्यंगचित्र काढतो, ती रथात उभी, हातात चाबूक. शेवटी मधुबालाला कळतं की खरं सुख संसारात आहे.

आता साल बघा. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला आणि त्यात घटस्फोटाची सोय आली. त्याच वर्षीचा हा सिनेमा. म्हणजे कायदा होत होता तेव्हा थेटरात लोक त्या मागणीला हसत होते, आणि त्या हसण्याचं तोंड म्हणून ललिता पवार उभ्या होत्या. मी लहानपणी त्या आत्याचा तिरस्कार केला. परवा पुन्हा बघितला तर तिची निम्मी भाषणं मला पटली. भाचीच्या पैशापायी भाड्याचा नवरा आणते ते चूकच, पण मागणी?

चौथी_रांग

सीतादेवीने ते भाषण खोटं वाटेल असं केलं असतं तर सिनेमाचं काम सोपं झालं असतं. त्यांनी ते मनापासून केलंय.

निवृत्त_गिरगावकर

भिशीताई, गुरुदत्तवर असं बोललात तर इथे मारामारी होईल. नवा धागा काढा, मी गुरुदत्तच्या बाजूने येतो.

रविवारची_भिशी

काढते. या रविवारी भिशी आमच्याकडेच आहे, तेव्हा सोमवारी. तोवर सिनेमा पुन्हा बघून ठेवा, आणि यावेळी मधुबालाकडे कमी बघा.